दरबार आणि देऊळ

रत्नागिरी जिल्ह्याने मराठी कवितेला काय दिले, असे कोणी विचारले की केशवसुतांचे मालगुंड आधी आठवते, ना. वा. टिळकांचे करजगाव क्वचितच आठवते. १८६१ साली तेथे जन्मलेल्या या कवीला पाठ्यपुस्तकांनी 'फुलांमुलांचे कवी' हे गोड बिरुद देऊन एका कोपऱ्यात बसविले आहे. याच जिल्ह्यात मराठी शिकविताना आम्हांस त्या बिरुदाचा उपयोगही झाला आहे आणि कंटाळाही आला आहे. एकदा एका विद्यार्थिनीने सरळच विचारले, "टिळकांनी शेवटी मिशन सोडले, मग ते ख्रिस्ती राहिले कसे?" टिळकांकडे पुन्हा नीट वळावेसे वाटले ते या प्रश्नामुळे.

टिळकांचे ख्रिस्ताकडे जाणे संस्थेच्या दारातून झालेच नाही. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तेथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी पुस्तक, मग त्या पुस्तकातला पुरुष आणि सर्वांत शेवटी मंडळी, असा हा क्रम आहे, आणि टिळकांच्या पुढच्या सगळ्या वागण्याची किल्ली आम्हांस या क्रमात दिसते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ज्याला असा पूल आपल्याच भाषेत सापडला, त्याला पाश्चात्त्य पेहरावातला ख्रिस्त परका वाटावा यात नवल ते काय?

तरीही टिळक बावीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनबरोबर राहिले. अहमदनगरला त्यांनी शिकविले, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले, उपासनेसाठी पदे रचली, कीर्तने केली. हा काळ केवळ कुचंबणेचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१७ मध्ये मात्र त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताचे शिष्य म्हणवून घेणारा मनुष्य, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, या दरबारात बसू शकत होता. संस्थेच्या दृष्टीने बाप्तिस्मा ही सीमारेषा असते, कारण तिच्यावाचून आपले कोण आणि परके कोण हे वहीत लिहिता येत नाही. टिळकांनी नेमक्या त्या वहीलाच हात घातला.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तेथील भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी बजावले की, एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटलेली आपली सदसद्विवेकबुद्धी आपण दुसरीच्या स्वाधीन करणार नाही. पुढे केडगावी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी बायबलचे स्वतंत्र मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि दोन वर्षांनी ते ग्रंथरूपाने पूर्ण प्रसिद्ध झाले. रमाबाई शास्त्राच्या शब्दाकडे वळल्या, तर टिळक ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाकडे. मात्र मधल्या माणसाचा अंतिम अधिकार दोघांनीही नाकारला.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. आगगाडीत टिळकांच्या हाती पडलेला नवा करार आकाशातून पडला नव्हता. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी मराठी नवा करार १८११ मध्ये छापला. पुढेही भाषांतर, छपाई आणि वाटप हे सारे मिशनांनी व बायबल सोसायट्यांनीच चालविले. आणि दरबाराचे काय झाले? ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. त्यांची पदे मात्र 'उपासना संगीता'त राहिली, आणि महाराष्ट्रातल्या देवळांतून ती आजही म्हटली जातात. ज्या घरातून कवी बाहेर पडला, त्याच घराने त्याचा आवाज सांभाळला.

मग टिळकांचे चुकले काय? आम्हांस तसे वाटत नाही. संस्था आठवण जपते, हे तिचे मोठेच काम आहे. पण कोणाची आठवण जपावयाची, हे तिला अधूनमधून कोणीतरी बाहेर उभे राहून सांगावे लागते. टिळकांच्या 'ख्रिस्तायना'चेच पाहा. सुरुवातीचे काही अध्याय तेवढे त्यांच्या हातून झाले. पुढचे ओझे लक्ष्मीबाईंनी उचलले आणि ग्रंथ १९३८ मध्ये, त्यांच्याही निधनानंतर प्रसिद्ध झाला. पतीच्या धर्मांतराने पोळलेली आणि काही वर्षे त्यांच्यापासून दुरावलेली ही स्त्री १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाली. ज्या कोणी 'स्मृतिचित्रे' वाचली आहेत त्यांस ठाऊक असेल की, नवऱ्याचे मत म्हणून मान डोलावणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. तिने ते महाकाव्य पुढे नेले ते मिशनच्या वा दरबाराच्या आज्ञेवरून खचितच नव्हे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही एवढेच सांगितले की, टिळकांनी मिशन सोडले तेव्हा त्यांनी ख्रिस्त सोडला नाही. उलट, ख्रिस्तासाठीच मिशन सोडत आहोत अशी त्यांची श्रद्धा होती. त्यावर ती म्हणाली, "मग हे पुस्तकात का नाही, सर?" 'फुलांमुलांचे कवी' हे बिरुद फळ्यावर लिहिणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने या प्रश्नाचे उत्तर देणे लागते.