काळ्या दगडाच्या पोटातलं पाणी

तुमच्या घरी अजून पाटा-वरवंटा आहे का हो? मिक्सर आला तरी माझा पाटा मी टाकलेला नाही. ठेच्याला त्याच्याशिवाय चव येत नाही, असं माझं आपलं मत. पण पंचवीस वर्षं त्यावर वाटण वाटलं, दर वर्षा-दोन वर्षांनी टाकी लावून घेतली, आणि हा दगड आला कुठून, हा प्रश्न काही कधी मनाला शिवला नाही. तो शिवला नरखेड तालुक्यात, ताईच्या शेतातल्या विहिरीच्या काठावर.

माझी थोरली बहीण नरखेडजवळच्या एका खेड्यात दिलेली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे घरातल्या गोष्टी येणार आहेत. एप्रिलात तिचा फोन आला. "चौथा बोअर कोरडा गेला. आता हे पाचवा मारतो म्हणून राहिले. दोन पाटल्या तिसऱ्या बोअरच्या वेळेसच सराफाकडे गेल्या, आता उरलेल्या दोन मागतात. तू ये बाप्पा." मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

नागपूरहून नरखेड म्हणजे गाडीनं दीड-दोन तास. दिल्लीच्या वाटेवरचीच ही लाइन. कळमेश्वर, काटोल आणि मग नरखेड. काटोल सुटलं की दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा लागतात. आंबिया बहाराच्या वेळी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर फुलांचा वास थेट डब्यात येतो. मी गेले तेव्हा ऊन मी म्हणत होतं आणि मधूनमधून अख्ख्या बागा वाळून सरपणासारख्या उभ्या होत्या. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं हे आपलं नागपुरी संत्रं; त्याची झाडं अशी बघवत नाहीत.

ताईकडे पोचले तर घरात अबोला. भाऊजी ओसरीवर, ताई चुलीपाशी, आणि नवी सूनबाई दोघांच्या मध्ये चहा घेऊन येरझाऱ्या घालतेय. लग्नाला दोन वर्षं झालेली ही पोर. नागपूरला तिनं भूगर्भशास्त्र घेऊन बी. एस्सी. केलं आहे, हे मला ठाऊक होतं. घरातल्यांना ठाऊक असून नसल्यासारखं. सासऱ्यांनी चार बोअरच्या जागा पाणाड्याकडून काढून घेतल्या. तळहातावर नारळ उभा राहिला, की तिथे मशीन लावायची. सुनेला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. "मामाजींसमोर मी कशी बोलू, मावशी?" ती मला हळूच म्हणाली. तिचंही खरंच होतं म्हणा!

संध्याकाळी मीच म्हटलं, चल, तुमची जुनी विहीर दाखव. ती भाऊजींच्या आजोबांनी खोदलेली, पंचेचाळीस-पन्नास फुटांची. पाणी नाही, म्हणून आतली भिंत वरपासून खालपर्यंत उघडी. सूनबाईनं पदर खोचला, काठावर बसली आणि पोथी वाचावी तशी भिंत वाचायला लागली.

सगळ्यात वर हातभर माती. त्याखाली पिवळसर मुरूम. "हा मुरूम म्हणजे कुजलेला दगडच, मावशी. संत्र्याला हाच हवा असतो. खोल चिकण काळ्या मातीत पाणी साचतं आणि झाडाला डिंक्या लागतो. इथं जास्तीचं पाणी खाली निघून जातं." मुरुमाखाली भेगाळलेला काळा दगड. त्याखाली वीतभर उंचीचा लाल पट्टा, अंगणात गेरूचा बोट ओढावा तसा. आणि पट्ट्याखाली जरा मऊसर, भोकाभोकांचा दगड, भोकांत पांढरे खडे बसलेले.

तिनं जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तापलेला रस वाहत आला. डोंगराच्या टोकातून उसळणारा ज्वालामुखी आपण चित्रात पाहतो तसं इथं नव्हतं; तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसा रस पसरत गेला. निवला, त्यावर पुन्हा दुसरा आला, मग तिसरा. अशी ही धिरड्यांची चवड. आजही तिनं सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे. सह्याद्रीत ती दोन किलोमीटरच्या आसपास जाड आहे, इकडे पूर्वेला पातळ होत होत नागपुरात संपते. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची आणि शहराच्या पूर्वेला वेगळाच, फार जुना खडक, हे नागपुरात जन्म जाऊनही मला माहीत नव्हतं.

प्रत्येक थराच्या आत पुन्हा दोन भाग. अनारसा तळताना वरच्या बाजूला कशी जाळी पडते? तसंच. रसातली वाफ वर चढते, म्हणून थराचा माथा जाळीदार आणि बूड घट्ट. आपला पाटा, जातं, खलबत्ता हे सगळं त्या घट्ट भागातलं. त्यात पाणी राहायला जागाच नाही. पाणी राहतं ते मुरुमात, भेगांत आणि जाळीत. तेही किती? शंभर घागरी मावतील एवढा असा दगड घेतला तर हाती लागणारं पाणी दोन-तीन घागरी.

आणि तो लाल पट्टा? एक थर निवल्यावर दुसरा लगेच येत नसे. मधे हजारो वर्षांचीही उसंत मिळे. तेवढ्यात वरचा दगड कुजून त्याची तांबडी माती होई, आणि पुढचा रस आला की ती भाजून निघे. काही ठिकाणी या उसंतीत तळीही झाली. नागपूरजवळ टाकळीला अशा तळ्यातल्या गोगलगायींचे दगड झालेले शंख १८५० च्या सुमारास स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे तेच हे पाद्री. आणि या काळ्या दगडाच्याही खाली काय, तर मोर्शी तालुक्यात सालबर्डीला, जिथे आपण महाशिवरात्रीला महादेवाच्या दर्शनाला जातो, तिथल्या खालच्या खडकात डायनोसॉरच्या अंड्यांचे अवशेष सापडले आहेत. मी तिथे दोनदा जाऊन आले. लक्ष सगळं प्रसादाच्या पिशवीकडे.

मी विचारलं, पण हा रस इथेच का आला? तर म्हणे तेव्हा आपला देश इथे नव्हताच! जमिनीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात, आणि ते सरकत असतात. आपला तुकडा आफ्रिकेपासून सुटला, मग सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासूनही सुटला आणि उत्तरेला निघाला. वाटेत तो एका अतितप्त जागेवरून गेला आणि कवच फाटून रस वर आला. ती चूल अजून विझलेली नाही. मॉरिशसजवळच्या रीयुनियन बेटावर आजही ज्वालामुखी पेटतो तो तिच्यावरच. म्हणजे ताईचं शेत जिथं शिजलं ती चूल हिंदी महासागरात राहिली आणि ताट इकडे आलं. पुढे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हे ताट आशियाला जाऊन धडकलं, त्यातून हिमालय उठला. सरकणं अजून चालूच आहे, वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर. आपलं बोटाचं नख न कापता वर्षभर वाढू दिलं तर होईल त्याहून थोडं जास्त.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या रागातून सुटका म्हणून आम्ही दोघी मुलताईला गेलो. नरखेडहून पुढे पांढुर्णा लागतं. तिथल्या जाम नदीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन काठांवरची माणसं एकमेकांवर गोटे भिरकावतात. ती गोटमार तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. त्या पलीकडच्या गावाचं नावही सावरगावच, पण आपल्या तालुक्यातलं सावरगाव वेगळं हं! दगडाचा असा उपयोग मला तरी पटत नाही. पांढुर्ण्यानंतर गाडी घाट चढते. जड गाड्यांना मागून जादा इंजिन लावतात. कापलेल्या डोंगराकडे सूनबाई बोट दाखवत होती, आणि आता मलाही दिसत होतं: काळा थर, लाल रेघ, पुन्हा काळा थर.

मुलताईला तापीचं कुंड. तापी इथून निघून पश्चिमेला सुरतेकडे, अरबी समुद्राला जाते. आणि याच मुलताई तालुक्यात उगम पावलेली आपली वर्धा दक्षिणेला उतरून, वैनगंगेला भेटून, गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. एका माहेरच्या दोन लेकी, एक पूर्वेला दिली, एक पश्चिमेला. सातपुडा हा दोन्ही बाजूंनी तडा जाऊन वर राहिलेला उंचवटा, आणि तापी वाहते ती त्या तड्यांच्या बाजूनं खचलेल्या जमिनीतून. हे तडे अगदीच निजलेले नाहीत. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला तो नर्मदेच्या बाजूच्या अशाच तड्यावर. नागपुरात आमच्या फडताळातली भांडी वाजली होती, ती आठवण झाली.

परतल्यावर आम्ही मोवाडला उतरलो, वर्धेच्या काठी. ३० जुलै १९९१ ला या नदीचा पूर गावात शिरला आणि २०४ माणसं गेली. ताईच्या ओळखीच्या एका घरात त्या दिवशी माहेरी गेलेली म्हणून एकटी सून वाचली होती. त्याबद्दल कुणी फार बोलत नाही आणि मीही विचारलं नाही. नदीकाठी उभी राहून सूनबाई एवढंच म्हणाली, "दगड पाणी पिऊन घेत नाही ना, मावशी. सातपुड्यावर जोराचा पाऊस आला की सगळा एकदम खाली. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरड, दोन्ही याच दगडामुळं." खाली जलालखेड्याजवळ जाम नदी वर्धेला मिळते, तिथे आमनेरचा पडका किल्ला आहे, तो पाहायचा राहिला.

आता मुख्य गोष्ट. विहिरीच्या काठी सूनबाईनं मला आणखी एक दाखवलं होतं. जुना झरा लाल पट्ट्याच्या नेमका वर होता. ओला डाग दिसत होता. लाल थर चिकण, तो पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणजे तो विहिरीच्या पाण्याचा तळ. आणि विहिरीभोवती शंभर-दीडशे फुटांत चार बोअर, सहाशे-सातशे फुटांचे. चारही त्या थराला भोक पाडून गेलेले.

"पातेल्याच्या बुडाला चार भोकं पाडली, मावशी. आता पाचवं पाडायचं म्हणतात."

हे सासऱ्यांना सांगायचं कुणी? रात्री जेवताना मी विषय काढला. भाऊजी म्हणाले, "साळीसाहेब, शहरातल्या गोष्टी शहरात ठेवा." मी म्हटलं, शहराची नाही, तुमच्या घरची पोर सांगतेय. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल जायला आडकाठी आहे, तेही सांगितलं. ते हसले. "मंग गावात कोणाचा दोनशेचा हाये, दाखवा मले."

मग ताई बोलली. इतका वेळ वाढत होती, ती पोळी हातातच धरून म्हणाली, "पाटल्या मी देत नाही. पयले पोरीचं ऐका, मंग मागा."

भाऊजी ताटावरून उठले नाहीत, पण त्या रात्री एक शब्दही बोलले नाहीत. सकाळी मात्र त्यांनी सुनेला हाक मारली आणि दोघं विहिरीकडे गेली. ती दोन पावलं मागे, डोक्यावर पदर, आणि बोट भिंतीकडे. मी ओसरीवरून पाहत होते.

भूजल सर्वेक्षणाच्या माणसाला आधी जागा दाखवायची, मग पुढचं, एवढं ठरलं. मे महिन्यात विहिरीतला गाळ काढला. दोन मेलेले बोअर तळापासून चिकणमाती आणि वरून सिमेंट घालून बुजवले. नाल्यात दगडांचे बांध घातले, त्याला दगड कमी पडायचा प्रश्नच नव्हता. तरी दोनशेतली साठ झाडं तोडावी लागलीच; ती सुकून गेली होती. तिसऱ्या बोअरच्या पाटल्या अजून सराफाकडेच आहेत आणि व्याज चालू आहे.

तुम्हाला हा भाग पाहायचा असेल तर दसरा ते होळी या दिवसांत जा. मुलताई पाहून त्याच दिवशी परत येता येतं. खिडकीची जागा धरा आणि घाटात शेजारणीशी गप्पा न मारता बाहेर बघा. येताना भोकाभोकांचा एक दगड मी पिशवीतून आणला आहे. तो आता तुळशीच्या कट्ट्यावर आहे, आणि पाहुणी आली की मी तिला अनारशाची गोष्ट ऐकवते.

संक्रांतीला ताईचा फोन आला. विहिरीत दोन पुरुष पाणी आहे. मागच्या साली या दिवसांत बादली बुडत नव्हती. मी म्हटलं, भाऊजी काय म्हणतात?

"म्हणतात, यंदा पाऊसच चांगला होता," ताई म्हणाली. "पण पाणाडी आला होता परवा, त्याले बाहेरूनच चहा पाजून लावून देल्ला."