दुसऱ्या दाराने

एचआयव्ही पेशीत शिरतो कसा, यावर रकानेच्या रकाने लिहून झाले आहेत. सीडी४ला चिकटणे, आरएनएचा डीएनए करणे, तो आपल्या गुणसूत्रात खुपसणे, हे सगळे आता बारावीच्या मुलांनाही पाठ असते. पुढचा भाग मात्र दोन ओळींत गुंडाळतात : मग नवे विषाणू तयार होतात. इतके सोपे असते तर रेव्ह नावाच्या प्रथिनाची गरजच पडली नसती.

*

अडचण अशी आहे. विषाणूचा सारा मजकूर साडेनऊ हजार अक्षरांच्या आसपास, जनुके नऊ. केंद्रकात त्याचा एकच लांबलचक आरएनए उतरवला जातो आणि पेशीची यंत्रणा तो कापून-जोडून चाळीसहून अधिक प्रकार करते. ढोबळ गट तीन : अजिबात न कापलेला, सुमारे ९,००० अक्षरांचा, अर्धवट कापलेला, ४,०००चा, आणि पुरता कापलेला, २,०००चा.

आता पेशीचा कायदा असा, की ज्यात इंट्रॉन, म्हणजे कापून टाकायचा तुकडा, शिल्लक आहे तो आरएनए केंद्रकाबाहेर जायचा नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यातून अर्धवट मालाला गेटपास मिळत नाही, तसेच. विषाणूला तर नेमका तोच माल हवा असतो. न कापलेला आरएनए हाच पुढच्या पिढीचा जीनोम, आणि गॅग व पोल ही प्रथिने बनतात तीही त्याच्यावरूनच.

*

रेव्ह : जेमतेम ११६ अमिनो आम्लांचे प्रथिन. १९८६ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी ते वेगवेगळे शोधले आणि दोघांनी दोन नावे ठेवली. आजचे नाव नंतरचे. न कापलेला आरएनए बाहेर काढणे हेच त्याचे काम, हे १९८९मध्ये नीट पुढे आले.

यातली गंमत म्हणजे रेव्हचा स्वतःचा आरएनए पुरता कापलेला असतो. तो रीतसर, पेशीच्या नेहमीच्या वाटेने बाहेर येतो. बाहेर प्रथिन बनते आणि ते उलट पावली केंद्रकात जाते. तिथे लांब आरएनएच्या एका घडीदार भागावर बसते. या भागाला आरआरई म्हणतात. सुमारे ३५० अक्षरांचा, एन्व्ह जनुकाच्या पोटात. एकट्यादुकट्या रेव्हने भागत नाही. पहिला रेणू ठरावीक खाचेत बसतो, मग त्याला धरून दुसरा, तिसरा, अशी रांग लागते. त्यामुळे पुरेसे रेव्ह साठेपर्यंत फक्त छोटे आरएनए बाहेर येत राहतात : टॅट, रेव्ह, नेफचे. मोठा माल नंतर. घड्याळ वेगळे ठेवावे लागत नाही, साठाच वेळ सांगतो.

*

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग १९९५चा. बेडकाची अंडपेशी घेतली. ती इतकी मोठी, की सुईने तिच्या केंद्रकात पदार्थ सोडता येतो. गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन आत सोडले तर ते तिथेच पडून राहते, त्याला बाहेरचा रस्ता ठाऊक नसतो. संशोधकांनी त्याला रेव्हमधला ल्युसिनयुक्त छोटा पट्टा जोडला. अल्ब्युमिन बाहेर आले. पट्टा थोडा बिघडवून जोडला, तर आतच राहिले.

खरी मजा पुढे. पट्टा लावलेल्या अल्ब्युमिनने त्यांनी केंद्रक भरूनच टाकले, म्हणजे वाट तुंबवली. रेव्ह अडकले. ५एस आरआरएनए आणि यू-एसएनआरएनए हे पेशीचे काही छोटे आरएनएही अडकले. पेशीचे नेहमीचे एमआरएनए मात्र खुशाल बाहेर जात राहिले! म्हणजे विषाणू पेशीची तपासणी मोडत नाही, तिला चकवतही नाही. तो एमआरएनएच्या वाटेला जातच नाही. छिद्र तेच, पण वाहक वेगळा.

‘विषाणूने पेशी ओलीस धरली’ छापाची वाक्ये म्हणूनच मला खटकतात. इथे दांडगाई कुठे आहे?

*

तो वाहक १९९७मध्ये सापडला : सीआरएम१. यीस्टमध्ये त्याचे जनुक आधीच माहीत होते, पण गुणसूत्रांच्या ठेवणीशी संबंधित म्हणून. धागा जुळला तो लेप्टोमायसिन-बीमुळे. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूचे हे रसायन सीआरएम१च्या एका सिस्टीनला चिकटते आणि रेव्हची ये-जा बंद पडते.

*

वाहतुकीची दिशा ठरवतो रॅन, पेशीचाच एक रेणू. केंद्रकात तो जीटीपी हा छोटा रेणू धरून असतो. तसा असतानाच सीआरएम१ रेव्हला पकडतो. बाहेर जीटीपीचे जीडीपी होते आणि गाठोडे सुटते. परतताना रेव्हला इम्पोर्टिन-बीटा नेतो, आणि तो धरतो रेव्हचा आर्जिनिनांनी भरलेला भाग. आरएनएला चिकटतो तोही हाच भाग! आत गेल्यावर रॅन इम्पोर्टिनला सोडवतो आणि जागा आरएनएसाठी मोकळी होते. ११६ अमिनो आम्लांत संसार करायचा तर असेच करावे लागते.

*

तेवढीही सगळीकडे लागत नाहीत. भारतात आढळणारा एचआयव्ही बहुतांश सी उपप्रकाराचा. त्यातले रेव्ह शेपटीकडून थोडे आखूड असते. काम अडत नाही.

*

माकडांतला मेसन-फायझर विषाणू हाच प्रश्न रेव्हशिवाय सोडवतो. त्याच्या आरएनएतली एक घडी पेशीच्या नेहमीच्या एनएक्सएफ१ वाहकालाच थेट धरते. हे जास्त सुटसुटीत, असे कोणीही म्हणेल. पण तिथे चालू-बंद करायची कळ नाही, आणि एचआयव्हीला तीच हवी असावी, असे माझे मत.

उंदराच्या पेशीत एचआयव्हीचे जमत नाही, त्याचे एक कारण उंदराच्या सीआरएम१मधले मोजके अमिनो आम्लांचे फरक. अशा पेशीत आरआरईच्या जागी माकड-विषाणूची घडी घातली, तर गॅग व्यवस्थित जुळू लागते. आरएनए कोणत्या वाहकाबरोबर बाहेर पडला, याचा परिणाम बाहेरही टिकतो तर.

*

आजची औषधे विषाणूचा प्रवेश, डीएनए बनवणे, गुणसूत्रात घुसणे, प्रथिनांची कापाकापी यांना अडवतात. आधीच गुणसूत्रात बसलेल्या प्रतीचा आरएनए बाहेर येणे त्यांतले एकही थांबवत नाही. २०१८मध्ये प्रयोगशाळेतल्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींमध्ये दिसले, की रेव्हने बाहेर काढलेला इंट्रॉनसह आरएनए एवढ्यानेच पेशीची धोक्याची यंत्रणा जागी होते. उपचार घेणाऱ्यांच्या शरीरात सूज का रेंगाळते, याचे एक उत्तर इथे असू शकते.

मग सीआरएम१च बंद करावा? तसे औषध आहे : सेलिनेक्सॉर, २०१९मध्ये अमेरिकेत मल्टिपल मायलोमासाठी मंजूर झालेले. पण सीआरएम१वर पेशीची स्वतःची शेकडो प्रथिने अवलंबून असतात. मळमळ, वजन घटणे, प्लेटलेट उतरणे, हे सगळे कर्करोगात एक वेळ सोसतील. रोजच्या एका गोळीवर ठणठणीत असलेल्या माणसाला ते कोण देणार?