नेपाळचा शस्त्रसंन्यास

पशुपतिनाथाच्या दर्शनासाठीं काठमांडूस जाणारे महाराष्ट्रीय यात्रेकरू बागमतीचा घाट, गुह्येश्वरी आणि स्वयंभूची टेकडी एवढें उरकून बहुधा परत फिरतात. स्वयंभूपासून जवळच छाउनी नांवाचा भाग आहे; तिकडे पाय वळविण्याचें फारसें कोणास सुचत नाहीं. आम्हीं मात्र एक सबंध दुपार तेथें घालविली, आणि ती व्यर्थ गेली असें आम्हांस वाटलें नाहीं.

छाउनीस नेपाळचें राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याची जुनी इमारत म्हणजे भीमसेन थापा यांच्या काळचा सिलखाना. आपल्या बखरींतला शिलेखानाच तो. १९३८ सालीं तो सामान्य जनांस खुला झाला. तिबेटशीं झालेल्या युद्धांत १७९२ सालीं हस्तगत केलेली चामड्याची तोफ येथें ठेविली आहे. जिचें आतां कोणास भय उरलें नाहीं अशी तोफ पाहून मनास बरें वाटतें. परंतु याच छाउनीच्या लष्करी आवारांत २००७ सालीं ज्या पेट्या कुलूपबंद झाल्या, त्यांतील शस्त्रें जुनीं नव्हतीं.

त्याची हकीकत अशी. १३ फेब्रुवारी १९९६ रोजीं माओवाद्यांनीं राजसत्तेविरुद्ध शस्त्र उपसलें. दहा वर्षांच्या त्या यादवींत तेरा हजारांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. नोव्हेंबर २००६ मध्यें शांतताकरार झाला, तेव्हां देश एक आणि सेना दोन असा पेच उभा राहिला. त्यांतून काढलेली वाट मोठी शहाणपणाची होती. माओवादी सैनिकांनीं सात मुख्य शिबिरांत राहावें, शस्त्रें लोखंडी पेट्यांत बंद करावीं, संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनीं लक्ष ठेवावें. पण कुलपाची किल्ली माओवाद्यांच्याच नायकाजवळ असावी. परवानगीवांचून पेटी उघडल्यास भोंगा वाजावा. सरकारी सैन्यानेंही तितकींच शस्त्रें याच रीतीनें बंद करावीं. कोणासही आपण हरलों असें वाटूं नये, हें यांतील मर्म.

काठमांडूहून आम्ही चितवनास उतरलों. नारायणी नदीच्या कांठचें भरतपूर सोडून ईशान्येस गेलें कीं सपाटी संपत येते, आणि डोंगरांच्या पायथ्याशीं शक्तिखोर हें गांव लागतें. भोंवतालीं चेपांग लोकांची वस्ती आहे. सात शिबिरांपैकीं एक येथें होतें. तपासणीअंतीं सातही शिबिरांत मिळून १९,६०२ सैनिक पात्र ठरले. त्यांत सुमारें एक पंचमांश स्त्रिया होत्या. पांच वर्षांहून अधिक काळ हीं माणसें निर्णयाची वाट पाहत राहिलीं. कित्येकांचे संसारही तेथेंच मांडले गेले.

यांना राष्ट्राच्या सैन्यांत सामावून घ्यावें कीं नाहीं, यावरून राजधानींत वाद चालला होता. सेनाधिकारी म्हणत, पक्षकार्यांत मुरलेल्या माणसांनीं शिस्त बिघडेल. २००९ सालीं सेनापतीस काढण्यावरून प्रकरण विकोपास गेलें आणि पंतप्रधान पुष्पकमल दाहाल यांनीं राजीनामा दिला. अखेर १ नोव्हेंबर २०११ रोजीं ठरलें कीं ६,५०० पर्यंत लोक सैन्यांत घ्यावे. ज्यांस निवृत्ति हवी त्यांनीं हुद्द्याप्रमाणें पांच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरीं जावें. प्रत्यक्षांत सैन्यांत गेले ते सुमारें १,४००. पंधरा हजारांहून अधिकांनीं रक्कम पत्करली. वय, शिक्षण व हुद्दा यांच्या अटी आड आल्या, आणि लेकुरवाळ्या स्त्रियांस बराकींत जाणें कठीण झालें. तरी एप्रिल २०१२ मध्यें शिबिरें सैन्याच्या ताब्यांत आलीं आणि तें युद्ध पुन्हा पेटलें नाहीं. हें यश लहान म्हणतां येणार नाहीं.

परंतु सारें आयुष्य शाळेंत घालविलेल्या आम्हांस दुसराच आंकडा टोंचला. त्या तपासणींत ४,००८ जण गळाले. त्यांपैकीं २,९७३ जण २५ मे २००६ या प्रमाण धरलेल्या दिवशीं अठरा वर्षांच्या आंतले होते. २०१० च्या आरंभीं त्यांस शिबिरांतून निरोप मिळाला. निवृत्तीची रक्कम त्यांच्या वांट्यास आली नाहीं, धंदेशिक्षणाची सोय तेवढी झाली. वास्तविक मोठ्यांनीं त्यांच्या हातांतली पाटी काढून बंदूक दिली, हा त्यांच्यावर झालेला अन्याय. पण नेपाळी भाषेंत त्यांना नांव पडलें ‘अयोग्य लडाकु’! योग्य हा शब्द युज् धातूपासून आला. जोडला जाण्यास पात्र तो योग्य. ज्यांस घराशीं व गांवाशीं पुन्हा जोडावयाचें, त्यांच्याच कपाळीं हा शिक्का बसला. शक्तिखोरच्या वाटेवर चहाच्या दुकानांत भेटलेले एक वृद्ध गुरुजी हिंदींतून आम्हांस म्हणाले, “परत आलेल्या पोरास लोक विचारीत, तूं लढाईसही नालायक ठरलास काय? त्यानें काय सांगावें?” आम्हांसही उत्तर सुचलें नाहीं.

महाभारतांत युद्धाचीं पर्वें आटोपल्यावर शान्तिपर्व येतें, आणि सर्व पर्वांत तेंच मोठें आहे. नेपाळचें शान्तिपर्वही लांबलें आहे. माओवादी सेना विसर्जित झाली; सरकारी सेनेच्या नांवांतील ‘शाही’ हें विशेषण २००६ सालींच गेलें. २०१५ सालीं सत्य निरूपण व मेलमिलाप यांसाठीं एक आणि बेपत्ता माणसांच्या शोधासाठीं एक, असे दोन आयोगही बसले. तथापि दोन्ही बाजूंच्या हातून घडलेल्या अत्याचारांपैकीं फारच थोड्यांचा न्याय झाला. पुढें ८ सप्टेंबर २०२५ रोजीं निदर्शनें करणाऱ्या तरुणांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या आणि एका दिवसांत १९ जण मृत्युमुखीं पडले. त्या जमावांतील पुष्कळांस यादवी आठवतही नसेल.

बंडखोराची बंदूक पेटींत ठेवण्याचें काम नेपाळनें सहा वर्षांत केलें. सरकारी बंदूक ज्याच्या खांद्यावर आहे, त्यास ती केव्हां उचलूं नये हें शिकविण्याचें काम अद्यापि राहिलें आहे. तें एका सहीनें होत नाहीं. न्यायालयांत, पोलिसठाण्यांत आणि आमच्यासारख्यांच्या शाळांतही तें रोज करावें लागतें. शेजाऱ्याच्या घरीं पाहून आपणही मनावर घ्यावी अशीच ही गोष्ट आहे.