गळतंय कुठून?

गळक्या कार्बोरेटरवर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नवा कार्बोरेटर. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने तर स्क्रू ड्रायव्हर हातात न घेताच निकाल दिला, "बदलून टाका साहेब, दोन हजारांत विषय संपला." विषय खरंच संपला असता का, त्याचीच ही गोष्ट.

गाडी बाबांची. १९९६ ची बजाज चेतक, टू-स्ट्रोक. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी बाबा न चुकता पुढे वाढवून आणतात, पण हल्ली ती चालते कमी आणि उभी जास्त असते. मध्यंतरी तिच्याखाली डाग दिसायला लागला. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. गळलेलं पेट्रोल उडून जातं, ऑइल मागे राहतं. म्हणजे डाग वाटीएवढा दिसला तरी गळलेलं पेट्रोल त्याच्या कितीतरी पट!

आता पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत साचून राहते, आणि आमच्या पार्किंगमध्ये चार हातांवर विजेचे मीटर. सेक्रेटरी काकांनी स्पष्ट सांगितलं, रविवारपर्यंत दुरुस्ती, नाहीतर गाडी गेटबाहेर. त्यांचं काही चुकलं नाही. बाबा म्हणाले, "देऊन टाक भंगारात, कोण चालवतंय आता." आणि हेच बाबा रोज रात्री जेवण झाल्यावर "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून खाली जायचे, ते पेट्रोलचा कॉक बंद आहे ना ते बघायला!

म्हटलं, आधी बघू तरी.

कार्बोरेटर म्हणजे काही जादू नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक आठवा. पाणी वर आलं की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. कार्बोरेटरच्या छोट्या कप्प्यात अगदी तेच चालतं. पेट्रोल भरलं की फ्लोट वर उचलला जातो, तो एका बारीक सुईला ढकलतो आणि सुई पेट्रोल यायचं भोक बंद करते. इंजिनाने पेट्रोल ओढलं की फ्लोट खाली, सुई खाली, भोक उघडं. दिवसभर हेच. सेन्सर नाही, चिप नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाक्यांमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. तिथे आता इंजेक्शन आहे आणि बिघाडाचा कोड मिळतो. इथे कोड नाही. आपणच बघायचं.

पहिला प्रश्न, गळतं कधी? कॉक बंद असताना जमीन कोरडी. उघडा ठेवला की दहा मिनिटांत थेंब. म्हणजे कॉक ठीक आहे, गळती त्याच्या पुढे. मग गाडी उभी करताना कॉक बंद करत राहिलं की झालं, असं कुणालाही वाटेल. पण डाग थांबला तरी रोग तसाच. गाडी चालू असताना तेच जास्तीचं पेट्रोल इंजिनात जातं. प्लग काळा पडतो, धूर वाढतो, ॲव्हरेज बसतो.

शनिवारी सकाळी इंजिनाच्या बाजूचं पत्र्याचं कव्हर काढलं, एअर फिल्टर काढला, कार्बोरेटर खाली घेतला. बाबा स्टूल घेऊन शेजारी. फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल शिरलं असतं तर डुचमळलं असतं. आवाज नाही, फ्लोट चांगला. सुईचं टोक मात्र झिजलेलं, कडेने गोल चरा पडलेला. आणि पेट्रोल आत येतं तिथल्या बारीक जाळीवर लालसर चिखल.

"हा गंज आहे," बाबा म्हणाले. "टाकी बघ."

इथे सगळं जुळलं. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन् महिने उभी. आतल्या हवेतली ओल पत्र्यावर बसते. त्यात इथेनॉल पाणी ओढून घेतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि २०२५ मध्ये देशाने सरासरी २० टक्क्यांचा टप्पा गाठला. आमच्या चेतकचा रबरी पाइप त्याच्या कितीतरी आधीचा. तो फुगून मऊ पडला होता. गंजाचे कण त्याच पाइपमधून खाली येऊन सुईच्या बुडाशी बसत होते. भोक पूर्ण मिटतच नव्हतं.

म्हणजे नवा कार्बोरेटर बसवला असता तर? दोन-चार महिने कोरडे गेले असते, मग त्याच गंजाने नव्या सुईलाही खाल्लं असतं. आपण ऑफिसात हेच करतो की! जुना मोड्यूल त्रास देतो म्हणून सगळा नव्याने लिहायचा, आणि त्याला घाण डेटा पुरवणारा मागचा जॉब तसाच ठेवायचा. नवा कोडही वर्षभरात 'जुना आणि भिकार' ठरतो.

दुपारी नाना पेठेत गेलो. सुई, गॅस्केट, इथेनॉल चालेल असा पाइप आणि जाळीसकट नवा कॉक, सगळं मिळून सहाशेच्या आत. टाकी उतरवली, आत रॉकेल आणि मूठभर नट टाकून अर्धा तास हलवली. गोठ्यातल्या शेणकाल्यासारखं पाणी निघालं. तीनदा धुतली, उन्हात वाळवली. सुईची बैठक फक्त कापडाने पुसली. तिथे पॉलिश पेपर लावायचा नाही, खरवडलं की कायमची गळती. कार्बोरेटर तोच ठेवला.

रविवारी संध्याकाळी कॉक उघडा ठेवून खाली वर्तमानपत्र अंथरलं. तीन तासांनी कागद कोरडा. सेक्रेटरी काकांनी वाकून वास घेतला आणि काही न बोलता मान हलवली.

प्रत्येक जुनी गोष्ट जपावी असं माझं अजिबात म्हणणं नाही. फ्लोट फुटला असता, बॉडीला तडा असता तर मीही दोन हजार मोजले असते. पण टाकायचं की ठेवायचं हे ठरवायच्या आधी नेमकं कुठून गळतंय ते तरी बघावं. आमच्या घरी भंगाराचा विषय सध्या निघत नाही. बाबांनी टाकी फुल करून आणली आहे, म्हणे रिकामी ठेवली की गंजते.