ड्रायव्हरची सीडी

चुडाव्यासारख्या गावात लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याने लिनक्सच्या नादी लागू नये, असं माझं ठाम मत होतं. त्याला कारणही होतं. कॅमेऱ्याच्या खोक्यात कंपनीची सीडी आली, तिच्यावर विंडोज आणि मॅक एवढीच नावं. लिनक्सचा पत्ताच नाही, म्हणजे तिथे कॅमेरा चालायचा नाही, असा माझा सरळ हिशेब. लग्नसराईत हळद उतरायच्या आत नवरीकडचे ‘फोटो कधी?’ म्हणत दारात उभे राहतात; त्यांच्यासमोर प्रयोग कोण करत बसणार?

पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझ्या जुन्या डब्यात दोन्ही नाही. नांदेडला शिकणाऱ्या भाच्याने त्यावर लिनक्स मिंट टाकलं. मी तोंड वाकडं करूनच बघत होतो.

केबल लावली. कॅमेऱ्याचं चिन्ह आलं, आत डीसीआयएम फोल्डरही दिसलं. डिजीकॅम हा फोटोंचा प्रोग्राम उघडून फोटो उतरवायला गेलो, तर कॅमेरा जोडला जाईना. झालं! मी लगेच केबलला हात घातला.

“मामा, काढू नका. फाइल मॅनेजरने धरून ठेवलाय कॅमेरा.”

केबल लावताच त्याने कॅमेरा आपोआप माउंट केला होता, आणि एकाने ताबा घेतला की दुसऱ्या प्रोग्रामला तो मिळत नाही. चिन्हावर उजवं क्लिक करून अनमाउंट केलं, तसे डिजीकॅममध्ये फोटो भराभर उमटू लागले. विंडोजवर असं अडलं की मी मशीन बंद करून चालू करायचो. का अडलं ते कधी कळायचं नाही. इथे कळलं, आणि माझं मत तिथेच हललं.

सीडीचं म्हणाल तर, बहुतेक कॅमेरे पीटीपी या ठरलेल्या पद्धतीने बोलतात. आयएसओ १५७४० हे तिचं मानक. लिनक्सच्या बाजूने जीफोटो हे सॉफ्टवेअर ते बोलणं ऐकतं आणि अडीच हजारांवर कॅमेरे ओळखतं. कंपनीने खोक्यावर नाव छापलं काय, न छापलं काय.

लिनक्सबद्दल जुन्या फोटोग्राफरांची कुरकुर मात्र अगदीच खोटी नव्हती. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅट पद्धतीची असतात, आणि ती वाचायला लिनक्सवर वेगळं काहीतरी टाकावं लागायचं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि २०२० च्या ५.७ कर्नलमध्ये सॅमसंगचा ड्रायव्हर आला, तेव्हा तो ताप मिटला. हल्ली घाईत मी केबलऐवजी कार्ड रीडरच वापरतो.

अल्बमचं डिझाइन अजून फोटोशॉपमध्येच होतं. ते लिनक्सवर धड चालत नाही आणि गिंपवर माझा हात बसलेला नाही. त्या कामासाठी पेनड्राइव्ह खिशात टाकून चुडाव्याहून गाडीने नांदेड गाठतो. भाचा म्हणतो, शिकून घ्या मामा. लग्नसराई उरकू दे, मग बघू.