भाड्याच्या घरातील ऊब: पाहणी कोणाची, दुरुस्ती कोणाची?

इंग्लंडमधील बहुसंख्य घरांत खोल्यांची ऊब आणि नळाचे गरम पाणी ही दोन्ही एकाच गॅस बॉयलरवर अवलंबून असतात, त्यामुळे भर हिवाळ्यात तो रुसला की नेमके काय बिघडले आणि ते दुरुस्त कोणी करायचे, असे दोन प्रश्न भाडेकरूपुढे एकदम उभे राहतात. गिझर बंद पडला तरी शेगडीवर पातेलेभर पाणी तापवून वेळ निभावणाऱ्या पुण्यामुंबईच्या कुटुंबाला या प्रश्नांचे गांभीर्य पहिल्याच थंडीत कळते. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचा तेथील अनुभव असा, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर भाडेकरूने काळजीपूर्वक शोधून लेखी मांडले, तर दुसऱ्याची टोलवाटोलवी थांबते.

लहान घरांत बहुधा ‘कॉम्बी’ बॉयलर असतो, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी न ठेवता नळ उघडताच पाणी तापवून देणारा. त्यात तापलेले पाणी एका बंद वर्तुळात फिरते आणि ‘डायव्हर्टर व्हॉल्व्ह’ ही झडप ते एकतर रेडिएटरकडे वळवते किंवा नळाचे पाणी तापवणाऱ्या भागाकडे. म्हणून नळाला गरम पाणी येत असून सर्व रेडिएटर थंड असतील, तर ही झडप, पंप किंवा थर्मोस्टॅट यांवर संशय जातो. एकच रेडिएटर वरच्या बाजूला थंड असेल तर त्यात हवा अडकलेली असते, आणि खालच्या बाजूला थंड असेल तर बहुधा गंजाचा गाळ साचलेला असतो.

या कुटुंबाच्या घरात ऊब आणि गरम पाणी दोन्ही बंद पडली, तेव्हा बॉयलरवरील दाबमापकाचा काटा 1 बारच्या बराच खाली आला होता. ‘बार’ हे दाबाचे एकक असून यंत्रणा थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 च्या दरम्यान असावा लागतो. बॉयलरखालच्या ‘फिलिंग लूप’ या लवचीक नळीची झडप, माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, हळूहळू उघडून दाब वाढवताच बॉयलर सुरू झाला, परंतु सकाळपर्यंत काटा पुन्हा उतरला, याचा अर्थ पाणी कोठेतरी गळत होते. बैठकीच्या खोलीतील रेडिएटरच्या झडपेखाली गालिच्यावर विटकरी डाग होता आणि तिच्या नटाभोवती रात्री गुंडाळलेला कोरडा टिशू सकाळी ओला निघाला. फोनवर थर्मोस्टॅट वाढवण्याचा सल्ला देऊन मोकळ्या होणाऱ्या एजंटाला तारीखवार दाबाच्या नोंदी आणि डागाची छायाचित्रे ईमेलने गेल्यावर मात्र कारागीर आला आणि झडप बदलली गेली.

या लेखी सूचनेला कायद्यातही वजन आहे. ‘लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्ट 1985’च्या कलम 11 नुसार, सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात घर गरम ठेवण्याची आणि पाणी तापवण्याची साधने चालू स्थितीत ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी असते, मात्र घराच्या आतील दुरुस्तीचे हे कर्तव्य सामान्यतः बिघाड त्याला कळल्यावर सुरू होते, आणि त्यानंतर त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती करावी लागते. ती टाळली गेली तर स्थानिक कौन्सिलकडे दाद मागता येते. रागाच्या भरात भाडे थकवणे मात्र भाडेकरूच्याच अंगाशी येऊ शकते.

भाडेकरूच्या पाहणीलाही सीमा आहे, आणि ती बॉयलरच्या झाकणाशी संपते. आतले गॅसचे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या तंत्रज्ञानेच करायचे असते, कारण अर्धवट ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि गंधहीन असून जीवघेणा ठरतो. म्हणूनच 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांनी घरमालकाला त्याच्या गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करून तिची नोंद भाडेकरूला देणे बंधनकारक केले आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तेथे जाणाऱ्या मराठी तरुणांनी किल्ल्या हाती घेतानाच ही नोंद मागून घ्यावी आणि दाबमापक कोठे आहे ते विचारून ठेवावे. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाचा संकोच समजण्यासारखा असला, तरी उबदार घर ही मालकाची मेहेरबानी नसून भाडेकरूचा हक्क आहे.