बीदरची कमान आणि भाचीचा पॅराबोला

बीदरला जायचं गोवेकराला एक खास निमित्त आहे. ज्या महमूद गवाननं १४७२ साली विजयनगरकडून गोवा जिंकून बहमनी राज्याला जोडला, त्याचाच मदरसा तिथं उभा आहे. त्याचं बांधकामही १४७२ चंच! समोरच्या दोन मिनारांपैकी आज एकच शिल्लक. दुसरा सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात गेला.

सोबत दहावीतली भाची होती. गणिताच्या धास्तीनं तिनं पुढं सायन्स घ्यायचंच नाही असं ठरवलं होतं. आईनं बळेबळे वही बरोबर दिलेली. सावलीत बसून म्हणाली, "मामा, नुसता ग्राफ दिलाय, समीकरण नाही. शिरोबिंदू कसा शोधायचा?"

मी ऐटीत कमानीकडं बोट दाखवलं. "हा बघ तुझा पॅराबोला."

तिनं मान वर केली. "मामा, हिला टोक आहे. पॅराबोला माथ्यावर गोल वळतो." खरंच की! कमानीचे दोन बाक वर येऊन टोकाला मिळतात. पॅराबोलाला तसं टोक नसतं. माझी ऐट तिथंच उतरली.

मग दोघंही वहीत डोकावलो. वक्र आडव्या अक्षाला १ आणि ५ वर छेदत होता. दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे शिखर बरोबर मध्ये, ३ वर. तिथून सरळ वर गेलं की वक्र ४ वर भेटतो. शिरोबिंदू (३, ४).

"पण अक्षाला छेदतच नसेल तर?" मी विचारलं. जरा थांबून तिनं ३ या उंचीवर आडवी रेघ ओढली. वक्र २ आणि ४ वर मिळाला. मध्य पुन्हा ३! "मामा, कुठलीही सारख्या उंचीची जोडी चालते!"

मी मात्र गवानचाच विचार करत होतो. १४७२ हा त्याच्या आयुष्याचा शिरोबिंदू, असं आज आपण सहज म्हणतो. त्याला तेव्हा ते कळलं असेल? १४८१ मध्ये बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतानानं त्याचा शिरच्छेद करवला. ग्राफवर दोन्ही उतार समोर असतात म्हणून मध्य काढता येतो. माणसाला चढताना पुढचा उतार दिसत नाही, आणि तो चढाइतकाच लांब असेल याचीही खात्री नसते.

परतताना गाडीत तिनं न सांगता आणखी तीन गणितं सोडवली. सायन्सचं काय, ते मी मुद्दाम विचारलं नाही.